एक भोक, तीन मापं: एअरमार डीएसटी ८१० आणि आमच्या 'टिटवी'चा तळ

गेल्या फेब्रुवारीत मांडव्याहून परत निघालो आणि जेट्टीपासून थोड्याच अंतरावर आमची शिडाची बोट 'टिटवी' चिखलात बसली. संध्याकाळचे साडेसहा, ओहोटी निम्म्यावर, वारा पडलेला. पाण्याची खोली दाखवणाऱ्या डबीवर ३.२ मीटर दिसत होतं आणि मी त्या आकड्यावर विश्वास ठेवून सुकाणू धरलं होतं. नंतर लक्षात आलं की तो आकडा दहा मिनिटांपूर्वीही ३.२ च होता. खालचा सेन्सर बंद पडला होता आणि डबी शेवटचा आकडा तसाच धरून बसली होती. बोट एका अंगावर कलली आणि रात्री साडेबाराला पाणी पुन्हा तेवढं चढेपर्यंत मी आणि पुतण्या त्या कललेल्या बाकावर बसून राहिलो. मऊ चिखल होता, म्हणून तळाला काही झालं नाही. तिथे खडक असता तर काय, हे मला पुढचे कित्येक दिवस सुचत राहिलं. खांदेरी बेटाच्या बाजूला किंवा कुलाब्याच्या टोकाच्या प्रॉन्ग्ज दीपगृहाजवळ खडकच आहेत.

मी मालवाहू जहाजांवर वीस वर्षं इलेक्ट्रिकल ऑफिसर होतो. निवृत्तीनंतर पुतण्याबरोबर भागीत ही २७ फुटी शिडाची बोट घेतली. फायबरग्लासची, चाळीस वर्षांची, एक डोलकाठी, तळाखाली पात्यासारखी जड कील, पाण्यात १.४५ मीटर बुडते. ऑक्टोबर ते मे गेटवेसमोर मुरिंगला, म्हणजे पाण्यात नांगरलेल्या बोयाला बांधलेली असते. हे सगळं आधी सांगतो, कारण पुढे जे लिहिलंय ते अशा बोटीला आणि अशा पाण्याला लागू आहे. लाकडी होडी असेल तर काही गोष्टी बदलतात, त्या ओघात येतील.

आमच्या तळाला पूर्वीपासून दोन भोकं होती. कीलच्या पुढे, उजवीकडे वेग मोजणारी, पाण्याने फिरणारी चक्री आणि डावीकडे खोलीचा सेन्सर. चक्री दोन मोसमांपूर्वीच फिरायची बंद झाली होती. खोलीचा सेन्सर तळात कायमचा चिकटवलेला होता. तो आतून काढता येत नव्हता. म्हणजे तो मेला की बोट वर घेण्याशिवाय इलाज नाही. हीच खरी अडचण. आणि नवं काय घ्यायचं ते मी याच एका मुद्द्यावर ठरवलं: यापुढे खालची कुठलीही गोष्ट बिघडली तर बोट पाण्यात असताना, आतून, हाताने बदलता आली पाहिजे.

एअरमारच्या डीएसटी ८१० मध्ये तेच मिळतं. डीएसटी म्हणजे डेप्थ, स्पीड, टेंपरेचर. तिन्ही एकाच नळकांड्यात. तळाला ५१ मिलिमीटरचं एकच भोक. त्यात एक हाउसिंग, म्हणजे बाहेरचं नळकांडं, कायमचं बसतं आणि त्याच्या आत सेन्सर सरकतो, रिंगने आवळला जातो. सेन्सर वर ओढून काढला की हाउसिंगमधली झडप आपोआप पडते आणि पाण्याचा लोट अडवते. मग त्या जागी डमी बूच घालायचं. याच कंपनीच्या आधीच्या डीएसटी ८०० चं हाउसिंग ज्यांच्या बोटीत आहे त्यांना तर हाउसिंगला हात लावायचीही गरज नाही, नवा सेन्सर जुन्यात बसतो. आमचं तसं नव्हतं. आमची दोन्ही हाउसिंगं दुसऱ्याच जातीची, जुनी, लहान मापाची.

दुसरा पर्याय होता तळाला भोकच न पाडता आतून फायबरग्लासवर बसणाऱ्या सेन्सरचा. त्याच कंपनीचा पी ७९ तसा येतो. खोली मोजायला सेन्सर जो आवाज सोडतो तो फायबरग्लासमधून खाली जातो. ज्यांना फक्त खोली हवी आहे आणि ज्यांच्या तळात फोम किंवा बाल्साचं हलकं लाकूड भरलेलं नाही, त्यांनी त्याचाच विचार करावा, असं मी मनापासून सांगेन. मला वेगही हवा होता. चक्रीशिवाय, नुसत्या ध्वनिलहरींवर वेग मोजणारा यूडीएसटी ८०० हाही आहे. पण तो आमच्या खिशाबाहेरचा.

जीपीएस असताना पाण्यातला वेग कशाला, असं पुतण्याने विचारलंच होतं. जीपीएस सांगतं ते जमिनीवरून जाणारा वेग. शिडाला त्याच्याशी देणंघेणं नाही. शीड पाण्यातून किती ओढतंय हे चक्रीच सांगते आणि खरा वारा किती, कुठून, याचा हिशेब त्याच आकड्यावर होतो. शिवाय मुंबईच्या हार्बरमध्ये उधाणाच्या दिवशी ओहोटी दोन नॉट्सने ओढते. चक्री ४ म्हणते आणि जीपीएस २ म्हणतं, तेव्हा मधला फरक हाच प्रवाह. हे दोन आकडे शेजारी दिसले की आपण पुढे जातोय की नुसते फेस काढतोय ते लगेच कळतं.

आता खरेदी. पहिल्यांदा मी मुंबईतल्या एका विक्रेत्याकडे नोंदवला. पाच आठवड्यांनी खोका आला तो आधी उघडलेला. आत सेन्सर होता, हाउसिंग होतं, डमी बूच नव्हतं, आणि जादाच्या ओ-रिंगाही (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्या) नव्हत्या. फोन केला तर उत्तर मिळालं की "सर, बूच कोण वापरतं?" मला हे फार लागलं. आपल्या पाण्यात ते बूच सेन्सरइतकंच महत्त्वाचं आहे, का ते पुढे लिहितो. खोका परत केला, पैसे परत मिळायला आणखी एक महिना गेला. शेवटी पुतण्या कामानिमित्त सिंगापूरला गेला होता तिथून त्याने आणला, सीलबंद, सगळ्या वस्तूंसह. परदेशी दुकानांत प्लॅस्टिक हाउसिंगवाला तीनशे डॉलरच्या पुढे पडतो. तुम्ही इथे घेणार असाल तर विक्रेत्यासमोर खोका उघडा आणि बूच मोजून घ्या.

हाउसिंग प्लॅस्टिकचं, काशाचं किंवा स्टेनलेसचं मिळतं. फायबरग्लासला प्लॅस्टिक चालतं, आम्ही तेच घेतलं. लाकडी होडीला प्लॅस्टिक कधीही घालू नका. लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि हाउसिंगला तडा जातो. तिथे काशाचं. आणि लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या तळाला उलट, काशाचं हाउसिंग नको, गंज चढतो. करंज्याला यार्डात एका लाकडी होडीवाल्याने माझं हाउसिंग पाहून "हलकंय, हेच बसवतो" म्हटलं तेव्हा मी त्याला हे दोनदा सांगितलं.

बोट मेच्या मध्याला उधाणाच्या भरतीला वर घेतली. हार्बरच्या पलीकडे, करंज्याच्या बाजूच्या एका यार्डात, लोखंडी गाड्यावर टेकवून विंचने ओढली. आमच्या मुरिंगची देखभाल करणारा तांडेल बरोबर होता. जूनपासून मासेमारी बंद, त्यामुळे तोही मोकळा. सत्तरीचा माणूस, मला 'साहेब' म्हणतो आणि मी त्याला 'तांडेल'. यापुढची बरीचशी अक्कल त्याची आहे.

खरं काम सेन्सरचं नाही, भोकांचं आहे. हे मला सगळ्यात ठळक सांगायचंय. सेन्सर बसवायला एक सकाळ लागली. भोकं नीट करायला तीन आठवडे.

आधी जुनी हाउसिंगं काढायची. दोन्ही कुणीतरी कायमच्या चिकटणाऱ्या डिंकाने बसवली होती. आतला नट हलेना. पाना लावून जोर केला असता तर नटाबरोबर फायबरग्लासचे पापुद्रे निघाले असते. मी आतून नट कंप पावणाऱ्या पात्याच्या करवतीने दोन बाजूंनी चिरला आणि छिन्नीने उकलला. मग बाहेरची कॉलर ग्राइंडरने तळाच्या जेमतेम वर घासत आणली आणि उरलेलं नळकांडं आत ठोकलं. यार्डातल्या कारागिराला हे सोपवलं नाही, कारण त्याने पहिल्याच दिवशी कॉलरच्या खाली स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटायला घेतलं आणि हाताच्या पंजाएवढा जेलकोट, म्हणजे वरचा गुळगुळीत थर, उडवला. तो डाग दुरुस्त करण्यातच आमचे दोन दिवस गेले. त्याला काम शिकवणारं कुणी नव्हतं, पण बोट आमची होती.

भोकात बोट घालून पाहिलं. तळाची जाडी ११ मिलिमीटर, भरीव फायबरग्लास, मध्ये फोम नाही. फार बरं वाटलं. मध्ये फोम किंवा बाल्सा असता तर भोकाच्या कडेने तो खरवडून काढून त्या जागी इपॉक्सीचं भरीव कडं ओतावं लागलं असतं. नाहीतर हाउसिंगच्या कडेने शिरलेलं पाणी वर्षानुवर्षं आतल्या आत झिरपत जातं आणि तळ कुजतो. जुनी बोट घेणाऱ्यांनी पहिलं काम हे करावं, एक तरी भोक उघडून कड पाहावी.

डावं भोक कायमचं बंद करायचं ठरलं. लोकांना वाटतं इपॉक्सीची बुची भरली की झालं. तसं केलं तर ती बुची फक्त कडेच्या चिकटीवर राहते आणि पाण्याचा दाब तिला आत ढकलत असतो. तळ घासून उतार करायचा, जाडीच्या बारापट. ११ मिलिमीटर जाडीला चहूबाजूंनी तेरा-साडेतेरा सेंटीमीटरचा उतार. म्हणजे ४३ मिलिमीटरचं भोक बुजवायला परातीएवढा खळगा झाला. पुतण्याने तो पाहिला आणि म्हणाला, "काका, हे आपण दुरुस्त करतोय की बोट फोडतोय?" त्याला भीती वाटली हे खरं होतं, मलाही वाटत होती. पण त्या उतारावर काचेच्या कापडाचे थर लहान-मोठ्या वर्तुळांत एकावर एक बसतात आणि मग जोड तळाइतकाच भक्कम होतो.

इपॉक्सीला मे महिना कठीण. डब्यात मिसळलेली इपॉक्सी उन्हात दहा मिनिटांत तापून धूर काढायला लागते. आम्ही सावकाश आवळणारा हार्डनर घेतला, सकाळी सहाला सुरुवात केली, थोडी-थोडी मिसळली आणि पसरट ताटलीत ओतली, म्हणजे तिची उष्णता अंगातच कोंडत नाही. हवा दमट असेल तर वर मेणचट पापुद्रा येतो. तो साध्या पाण्याने आणि घासणीने धुऊन मगच पुढचा थर. हे सगळं पावसाच्या आधी उरकायचं होतं आणि शेवटचा थर आवळला त्याच्या चौथ्या दिवशी पहिली सर आली.

उजव्या भोकाचं उलट, ते ४३ चं ५१ करायचं. भोक मोठं करताना होल सॉला, म्हणजे गोल करवतीला, मध्यबिंदूच राहत नाही, ती भरकटते. त्यासाठी प्लायवूडची चकती जुन्या भोकात घट्ट बसवली, मध्ये पायलट छिद्र पाडलं आणि बाहेरून सावकाश कापलं. कापलेली कड दिसायला गुळगुळीत असते, पण तिथे काचेचे धागे उघडे पडलेले असतात. ते वातीसारखं पाणी ओढतात. म्हणून कडेला इपॉक्सीचे दोन हात दिले. जागा तीच ठेवली, कीलच्या पुढे ४५ सेंटीमीटर. पात्यासारखी कील असलेल्या शिडाच्या बोटीला तीस ते साठ सेंटीमीटर पुढे ही जागा चांगली, तिथे पाणी स्वच्छ वाहतं आणि कील आवाजाच्या आड येत नाही. आणखी एक गोष्ट आधी मोजा: वर, पायाखालच्या फळीखाली, सेन्सर पूर्ण उचलून काढण्याएवढी उंची आहे ना? आमच्याकडे फळीचा एक आडवा पाट चार बोटं मागे सरकवावा लागला.

मग पावसाळाभर काही नाही. बोट शेडमध्ये ताडपत्रीखाली. हाउसिंग बसवलं ते गणपती झाल्यावर, सप्टेंबरात, हवेत अजून ओल असताना, आणि ते मुद्दाम. इपॉक्सीला ओल नको, पण पॉलियुरेथेन सीलंट हवेतल्या ओलीनेच आवळतं. दोघांचा स्वभाव उलटा. म्हणून इपॉक्सी पावसाच्या आधी, सीलंट पावसाच्या नंतर, असा आमचा क्रम लागला आणि मी तो पुढेही तसाच ठेवीन.

बसवण्याच्या दिवशी मी आत, पुतण्या बोटीच्या खाली. कॉलरच्या आतल्या बाजूला आणि नळकांड्याच्या आट्यांवर सीलंटचा दोन मिलिमीटरचा थर. त्याने खालून फिरवत वर दाबलं, मी आतून नट चढवला. हाउसिंगवरची खाच नाळेच्या दिशेला. हे चुकलं तर चक्री तिरकी बसते आणि वेग कायमचा कमी दाखवते. नट हातानेच आवळायचा. पाना लावण्याचा मोह होतो. प्लॅस्टिकला तो सोसत नाही, शिवाय सगळं सीलंट पिळून बाहेर जातं आणि मध्ये काही उरत नाही. बाहेर आलेलं सीलंट पुतण्याने बोटाने गोल पुसून घेतलं. ॲसिटोन किंवा थिनरचा बोळा जवळ आणायचा नाही, प्लॅस्टिक कमकुवत होतं. तळाला शेवाळविरोधी रंग देताना हेच पथ्य: हाउसिंगच्या कडेला फक्त पाण्यात मिसळणारा रंग. सेन्सरच्या तोंडाला मी काहीच लावलं नाही.

वायरिंग माझ्या हातचं काम, त्यामुळे थोडक्यात. सेन्सर एनएमईए २००० वर, म्हणजे बोटीवरची यंत्रं जोडणाऱ्या जाळ्यावर, बोलतो. आम्ही डोलकाठीच्या पायापासून कॉकपिटपर्यंत मुख्य केबल टाकली, दोन्ही टोकांना १२० ओहमचे टर्मिनेटर. सगळं जोडून, पॉवर बंद ठेवून दोन डेटा तारांमध्ये मीटर लावला तर ६० ओहम दिसले पाहिजेत. १२० दिसले तर एक टर्मिनेटर जोडलेला नाही. एवढं एक माप घेतलं की पुढचे निम्मे प्रश्न उरत नाहीत. मुख्य केबलपासून सेन्सरपर्यंतची फांदी सहा मीटरच्या आत ठेवा. वायर इंजिनच्या अल्टरनेटरपासून आणि व्हीएचएफ रेडिओच्या केबलपासून लांब.

ऑक्टोबरच्या उधाणाला बोट पाण्यात उतरली. तांडेलने वर्तमानपत्राचं पान घडी करून हाउसिंगच्या भोवती आत ठेवलं. हाताला जी ओल कळत नाही ती कागदावर डाग म्हणून दिसते. पहिल्या तासाला कोरडं. रात्री आम्ही बोटीवरच झोपलो, दर दोन तासांनी टॉर्च लावून पाहिलं. बारीक गळती लगेच कळत नाही, म्हणून पहिले चोवीस तास बोट एकटी सोडायची नाही. दुसऱ्या दिवशी पान बदललं, तेही कोरडं. मग फळी बसवली.

खोलीची पहिली परीक्षा तांडेलने घेतली. त्याच्याकडे शिशाचं वजन बांधलेली दोरी आहे. त्याने ती सोडली, ओढून घेत हात पसरून वाव मोजले: चार वाव. त्याचा वाव मी आधीच मोजून ठेवला होता, १.७ मीटर. म्हणजे ६.८. डबीवर ६.६. त्याने माझ्याकडे पाहिलं. वजनाला वीतभर काळा चिखल चिकटला होता. मुंबईच्या हार्बरचा तळ ढिला आहे. २३५ किलोहर्ट्झचा आवाज मऊ चिखलाच्या वरच्या थरावरूनच परत फिरतो आणि शिसं त्यात आणखी रुतत जातं. तो वीतभर चिखल हाच दोन आकड्यांतला फरक. तांडेलला हे सांगितल्यावर त्याने मान हलवली आणि म्हणाला, "मंग दोन्ही बरोबर. कील बी चिखलातच जाईल ना पयली." मला याहून चांगलं स्पष्टीकरण देता आलं नसतं.

डबीवर खोली कुठून मोजायची यावर घरात मतभेद आहेत. पुतण्याला कीलच्या खाली किती उरलं ते हवं. मी पाण्याच्या पृष्ठभागापासून ठेवतो. सेन्सर पृष्ठभागाच्या ४५ सेंटीमीटर खाली आहे, तेवढे मिळवायचे. मग नकाशावरचा आकडा, त्यात अपोलो बंदराच्या भरतीच्या तक्त्यातली उंची, आणि डबी, हे तिन्ही एका भाषेत बोलतात. बोट कुठे आहे याची खातरजमा खोलीवरूनही करता येते. सध्या माझं चाललंय.

वेगाचं जुळवणं पाणी थांबतं त्या सुमाराला केलं, भांगाच्या दिवशी, म्हणजे भरती-ओहोटीचा फरक कमी असतो तेव्हा. सरळ रेषेत इंजिनवर एकाच आरपीएमला जाऊन परत आलो. जाताना जीपीएसवर ४.९ नॉट्स, येताना ६.१, सरासरी ५.५. चक्री दोन्ही वेळा ५.१ दाखवत होती. म्हणजे आठ टक्क्यांची वाढ द्यायची. इथे एक चूक फार जण करतात: गेलं-आलं अंतर भागिले एकूण वेळ. तसं केलं तर ५.४३ येतं, कारण प्रवाहाविरुद्ध बोट जास्त वेळ असते. सरासरी वेगांची घ्या, वेळेची नको. जुळवणं फोनवरच्या कास्ट ॲपमधून ब्लूटूथने होतं. ते मला फार आवडलं, डबीच्या चार बटणांशी झटापट नाही. सेन्सरमध्ये कलणं मोजणारंही यंत्र आहे. त्यामुळे बोट वीस अंश कललेली असताना चक्रीचा आकडा वेगळा दुरुस्त करता येतो. एका बाजूच्या वाऱ्यावर वेग जास्त आणि दुसऱ्या बाजूच्या वाऱ्यावर कमी, हा जुना त्रास त्याने बराच निवळला.

मोसमभर वापरून काय वाटतं? खोली पक्की. फेरीबोट जवळून गेली की तिच्या फेसात आकडा हरवतो आणि रेघा दिसतात. बुडबुड्यांतून आवाज नीट जात नाही, कुठलाही सेन्सर असला तरी. रेघा दिसतात हेच मला मोलाचं वाटतं. जुन्या डबीसारखा शिळा आकडा दाखवण्यापेक्षा 'मला दिसत नाही' हे सांगणं शंभरपट बरं. तापमानही मन लावून पाहतो आता. ऑक्टोबरात ३० अंश, जानेवारीत पहाटे २५ वर आलं होतं.

चक्रीबद्दल मात्र सरळ सांगतो. आपलं पाणी कोमट आणि मळकट. मुरिंगवर आठवडाभर चक्री पाण्यात राहिली की तिच्यावर बुळबुळीत थर येतो, पंधरा दिवसांत बारीक शंखासारखी बार्नेकल्स धरतात आणि ती थांबते. हा यंत्राचा दोष नाही, कुठलीही चक्री असली तरी हेच होणार. थंड पाण्यातली माणसं महिना-महिना ती तशीच ठेवतात, आपण ठेवू शकत नाही. म्हणून बोट सोडताना प्रत्येक वेळी सेन्सर बाहेर आणि डमी बूच आत. ज्याला हे करायचं नाही, त्याने वेगाच्या सेन्सरवर पैसे घालू नयेत, नुसती खोली घ्यावी.

पहिल्यांदा हे करताना काळजात धस्स होतं. ५१ मिलिमीटरचं उघडं भोक पृष्ठभागाखाली ४५ सेंटीमीटरवर असलं, तर मिनिटाला दोनशे लिटर पाणी आत येईल, हा हिशेब मी केला होता आणि तो पुतण्याला सांगितला ही माझी चूक, कारण तो बूच धरायलाच तयार होईना. प्रत्यक्षात झडप पडते आणि कारंज्याऐवजी झिरपणी येते. आम्ही बोट किनाऱ्यावर असतानाच वीस वेळा सराव केला. बूच डाव्या हातात, ओ-रिंगांना सिलिकॉन ग्रीस लावलेलं, खाच पुढे. रिंग सोडायची, उजव्या हाताने सेन्सर सरळ वर, डाव्याने लगेच बूच खाली, रिंग आवळायची. पहिल्या वेळी अर्धी बादली पाणी आलं. आता दीड पेला येतं, स्पंजने टिपून घेतो.

काढलेला सेन्सर गोड्या पाण्यात बुडवायचा, चक्री बोटाने फिरवून पाहायची, जुन्या टूथब्रशने पात्यांच्या मुळाशी घासायचं, खोलीच्या तोंडाला नुसतं ओलं फडकं. मग तो कापडी पिशवीत घालून इंजिनच्या किल्लीवर अडकवतो. किल्ली हातात घ्यायची तर आधी पिशवी उचलावी लागते, म्हणजे तो परत खाली बसवल्याशिवाय मुरिंग सुटत नाही. फळीखाली वर्तमानपत्राचं पान अजून आहे, दर रविवारी बदलतो. शेवटचं काल काढलं. कोरडं होतं.